मुलाच्या वतीने

शाळेच्या हजेरीपटावर नाव असणे आणि शाळेत शिकणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. सकाळी नाव पुकारले जाते, शेजारचा मुलगा कोपर लावतो आणि शेवटच्या बाकावरून ‘हजर’ असा आवाज येतो. त्यानंतरच्या पाच तासांत वर्गात जे बोलले जाते, त्यातले या मुलाच्या कानांपर्यंत फार थोडे पोहोचते. फळ्यावरचा मजकूर तो वळणदार अक्षरात उतरवून घेतो. परंतु गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलू लागले की त्यांचे ओठ दिसेनासे होतात आणि त्याच्यापुरता तास तेथेच संपतो. परीक्षा होतात, वर्ष सरते, मुलगा वरच्या वर्गात जातो. तक्रार कोणाचीच नसते. तो शांत असल्यामुळे शाळेला त्याचा उपद्रव नाही. तो शाळेत जातो एवढ्यावर घरचे समाधानी आहेत. मग या मुलाचे नुकसान होत आहे, हे सांगावयाचे कोणी?

तो स्वतः सांगू शकत नाही. आपल्याला काय ऐकू येत नाही, हे न ऐकणाऱ्याला कळावे तरी कसे? प्रौढ माणूस आपले गाऱ्हाणे आपण मांडतो. कामगारांना संघटना असतात, शेतकऱ्यांना मते असतात. आठ-दहा वर्षांच्या अपंग मुलाजवळ यांतले काहीच नसते. त्याच्या वतीने दुसऱ्या कोणाला तरी बोलावे लागते. या बोलण्याला वकिली असे म्हणता येईल. मात्र या वकिलीला सनद लागत नाही आणि काळा डगलाही लागत नाही. आई, वडील, आजोबा, एखादी शिक्षिका, शेजारचा निवृत्त कारकून, कोणीही ती करू शकतो. अपंग मुलांच्या शिक्षणाचे जे कायदे आज जगात आहेत, ते बव्हंशी अशाच वकिलीतून जन्माला आले. आणि कायदे झाल्यानंतरही ते जिवंत राहतात ते तिच्याच बळावर. या विधानाचा पडताळा पाहावयाचा तर अमेरिकेतील इतिहास विशेष उपयोगी पडतो. कारण तेथे या लढ्याचे एकेक पाऊल न्यायालयाच्या कागदांत नोंदले गेले आहे.

अमेरिकेतील सर्व राज्यांत सक्तीच्या शिक्षणाचे कायदे १९१८ पर्यंत झाले होते. परंतु ‘प्रत्येक मूल’ या शब्दांत खरोखर प्रत्येक मूल येत नव्हते. पेन्सिल्व्हानिया राज्याच्या कायद्यात अशी तरतूद होती की, ज्या मुलाचे मानसिक वय पाच वर्षांचे झालेले नाही, त्याला शाळेने दाराशीच थांबवावे. शाळेच्या मानसशास्त्रज्ञाने एखाद्या मुलाला ‘शिक्षणास व प्रशिक्षणास अपात्र’ ठरवले की शिक्षणखात्याची जबाबदारी तेथे संपे. अशी कित्येक मुले घरातच वाढत, आणि घरच्यांना झेपले नाही की सरकारी आश्रयगृहात धाडली जात. पेनहर्स्ट येथील अशाच एका संस्थेतील दैन्य १९६८ साली दूरचित्रवाणीवरून लोकांना दिसले. अंथरुणाला खिळवून ठेवलेली, दिवसचे दिवस कोणी न बोललेली ती माणसे पाहून अनेकांची झोप उडाली.

त्या राज्यातील मतिमंद मुलांच्या पालकांची एक संघटना होती. सुधारणा व्हाव्यात म्हणून तिने पुष्कळ अर्जविनंत्या केल्या होत्या. १९६९ साली तिने न्यायालयात जाण्याचे ठरवले आणि काम टॉमस गिलहूल या तरुण वकिलाकडे सोपवले. गिलहूल यांचा स्वतःचा भाऊ पेनहर्स्टमध्ये राहिलेला होता. हे प्रकरण त्यांना पुस्तकातून समजून घ्यावे लागले नाही. जानेवारी १९७१ मध्ये तेरा मुलांच्या व संघटनेच्या नावे राज्याविरुद्ध दावा दाखल झाला. त्याच्या मुळाशी १९५४ सालचा, वर्णभेदाने वेगळ्या केलेल्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा प्रसिद्ध निकाल होता. राज्याने एकदा शिक्षण देण्याचे पत्करले की ते सर्वांना समान अटींवर दिले पाहिजे, हे त्या निकालाचे तत्त्व. तेच तत्त्व वर्गाबाहेर ठेवलेल्या या मुलांना लावावे, एवढीच मागणी होती.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये सुनावणी सुरू झाली तेव्हा तज्ज्ञांच्या साक्षींनी प्रश्नाचे स्वरूपच पालटून टाकले. शिकू शकत नाही असे मूल नाही, असे त्यांनी शपथेवर सांगितले. एक मूल वाचायला शिकेल, दुसरे स्वतःच्या हाताने जेवायला शिकेल. आणि ज्याला आजवर कोणी तरी भरवीत आले आहे, त्याच्यासाठी स्वतःच्या हाताने खाल्लेला घास हेच शिक्षण होय. या साक्षींना उत्तर देण्याऐवजी राज्याने तडजोड पत्करली. ऑक्टोबर १९७१ मध्ये झालेल्या करारावर न्यायालयाने ५ मे १९७२ रोजी अंतिम मान्यतेची मोहोर उमटवली. प्रत्येक मतिमंद मुलाला त्याच्या कुवतीला साजेसे विनामूल्य शिक्षण द्यावयाचे, पालकांना सूचना व सुनावणीची संधी दिल्याखेरीज त्याचा वर्ग बदलावयाचा नाही, आणि घरात बसलेल्या मुलांचा शोध सरकारने स्वतः घ्यावयाचा, असे त्यात ठरले. ‘मूल शाळेला योग्य आहे काय?’ हा आजवरचा प्रश्न बाजूला पडला आणि ‘शाळा मुलाला योग्य आहे काय?’ हा प्रश्न त्याच्या जागी आला.

त्याच वर्षी राजधानी वॉशिंग्टनमध्ये दुसऱ्या एका दाव्याचा निकाल लागला. तेथे सात मुलांच्या वतीने शिक्षणमंडळावर फिर्याद होती. मंडळाच्याच अहवालावरून असे दिसत होते की, शहरातील सुमारे २२,००० अपंग मुलांपैकी १८,००० पर्यंत मुलांना योग्य शिक्षण मिळत नव्हते. मंडळाने आपले कर्तव्य नाकारले नाही. पैसा नाही, एवढेच ते म्हणाले. पैसा नसल्याचे उत्तर कोणत्याही देशात, कोणत्याही कचेरीत ऐकू येते आणि ते पुष्कळदा खरेही असते. न्यायमूर्ती जोसेफ वॉडी यांनी त्यावर दिलेला निर्णय म्हणूनच लक्षात ठेवण्यासारखा आहे. पैसा अपुरा असेल तर जो आहे तो न्यायाने वाटावा. टंचाईचा सगळा भार अपंग मुलावर टाकून त्याला अजिबात बाहेर ठेवता येणार नाही, असा त्याचा आशय होता. घरात अन्न कमी असले तर सर्वांच्या ताटात थोडे कमी वाढतात. एकाला उपाशी ठेवून बाकीच्यांना पोटभर वाढणे याला काटकसर म्हणत नाहीत.

या दोन निकालांनंतर देशभर असेच दावे उभे राहिले आणि २९ नोव्हेंबर १९७५ रोजी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी सर्व अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. देशात ८० लाखांवर अपंग मुले असून त्यांतील निम्म्याहून अधिकांना योग्य शिक्षण मिळत नाही आणि १० लाख मुले शाळेच्या पूर्णपणे बाहेर आहेत, असे त्या कायद्याच्या आरंभीच नमूद होते. कायद्याने तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, प्रत्येक मुलासाठी शाळेने व पालकांनी एकत्र बसून लेखी आराखडा करावा: आज ते काय करू शकते, वर्षाअखेर काय करता यावे, त्यासाठी कोण कोणती मदत देणार आणि प्रगती कशी मोजणार. दुसरी, शक्य तेथवर त्याला इतर मुलांबरोबरच शिकवावे. तिसरी, शाळेचा निर्णय पालकांना मान्य नसेल तर निःपक्षपाती अधिकाऱ्यापुढे दाद मागण्याची सोय असावी. शिक्षणाच्या कायद्यात पालकाला शाळेच्या बरोबरीने बसण्यासाठी खुर्ची दिली गेली, हे या कायद्याचे मोठे वैशिष्ट्य होय.

याच कायद्यात आणखी एक लहानसे कलम होते: मुलाची चाचणी त्याच्या मातृभाषेत घ्यावी. त्यामागेही एक दावा होता. कॅलिफोर्नियात घरी स्पॅनिश बोलणाऱ्या नऊ मुलांना इंग्रजी चाचणीच्या आधारे मतिमंद ठरवून वेगळ्या वर्गात बसवले होते. त्यांच्या भाषेत पुन्हा चाचणी घेतली तेव्हा त्यांतील बहुतेक मुले मतिमंद नव्हतीच, असे आढळले. १९७० साली राज्याने तडजोडीत ही पद्धत बदलण्याचे मान्य केले. उणीव मुलात नव्हती, ती चाचणीच्या भाषेत होती.

शाळेचे दार उघडले तरी आत गेल्यावर मुलाला काय मिळावयाचे, हा प्रश्न शिल्लक होता. तो अॅमी रोली या बहिऱ्या मुलीच्या निमित्ताने पुढे आला. न्यूयॉर्क राज्यातील एका साध्या शाळेत ती शिकत असे. ती हुशार होती, ओठांवरून बोलणे ओळखत असे. शाळेने तिला श्रवणयंत्र दिले होते, रोज तासभर वेगळा शिक्षकही दिला होता, आणि ती सहज उत्तीर्ण होत होती. तिचे आईवडीलही बहिरे होते. आपल्या मुलीला वर्गातले सगळे कळावे म्हणून खुणांच्या भाषेचा दुभाषी द्यावा, अशी त्यांची मागणी होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचे वकील मायकेल चॅटॉफ हेही बहिरे. न्यायमूर्तींचे प्रश्न त्यांच्यासमोर पडद्यावर अक्षरांत उमटतील अशी व्यवस्था न्यायालयाने करून दिली. तशी व्यवस्था तेथे पूर्वी कधी झाली नव्हती. परंतु १९८२ सालचा निकाल मुलीच्या विरुद्ध गेला. मुलगी शिकते आहे, वरच्या वर्गात जाते आहे, तेव्हा कायद्याची पूर्तता झाली. उत्तमोत्तम तेच दिले पाहिजे असे कायदा म्हणत नाही, असे बहुमताने ठरले. वर्गात जे बोलले जाते त्याच्या निम्म्याहूनही कमी तिला कळते, हे मतभेद दर्शवणाऱ्या न्यायमूर्तींनी नोंदवून ठेवले. वर्गातले अर्धे न कळूनही जी मुलगी उत्तीर्ण होते, ती सगळे कळले असते तर कोठवर गेली असती, या प्रश्नाला त्या निकालात उत्तर नव्हते.

पुढील पस्तीस वर्षे या निकालाचा अर्थ काही न्यायालये फार खाली ओढीत राहिली. नाममात्र प्रगती झाली तरी पुरे, येथवर मजल गेली. मग कोलोरॅडो राज्यातील एंड्रू या स्वमग्न मुलाचे प्रकरण उभे राहिले. दर वर्षी शाळा त्याचा आराखडा करी आणि दर वर्षी त्यात जवळजवळ तीच उद्दिष्टे पुन्हा लिहिली जात. मूल पुढे सरकत नाही याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? त्याच्या आईवडिलांनी जुने आणि नवे आराखडे शेजारी शेजारी ठेवले. चौथ्या इयत्तेनंतर त्यांनी त्याला एका खाजगी शाळेत घातले. तेथे तो सुधारला. तेव्हा त्या शाळेची फी सरकारने द्यावी म्हणून ते भांडले. खालच्या सर्व पायऱ्यांवर ते हरले. २२ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मात्र एकमताने सांगितले की, नाममात्र प्रगती पुरेशी नाही. मुलाच्या परिस्थितीच्या मानाने योग्य अशी प्रगती होईल असाच आराखडा असला पाहिजे आणि त्याची उद्दिष्टे त्याला झेप घ्यावयास लावणारी असली पाहिजेत. पुढच्या वर्षी खालच्या न्यायालयानेही कुटुंबाच्या बाजूने निर्णय दिला. शेवटी निर्णायक ठरले ते कागद, आईवडिलांनी तारखेवार जपून ठेवलेले.

ही कहाणी येथवर उजळ वाटेल, पण तिची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. १९७५ साली संघराज्य सरकारने जादा खर्चासाठी दर विद्यार्थ्यामागील सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत मदत देण्याचे आश्वासन दिले होते. ते कधीही पूर्ण झाले नाही. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, आराखडा अपुरा आहे असे म्हणणाऱ्यावरच ते सिद्ध करण्याची जबाबदारी आहे. सामान्यतः असे म्हणणारा पालकच असतो. शाळेकडे तज्ज्ञ, कागद आणि वकील. पालकाकडे दिवसभराची नोकरी आणि रात्रीची जागरणे. ओहायो राज्यातील एका स्वमग्न मुलाच्या आईवडिलांना वकील परवडेना, म्हणून ते स्वतःच न्यायालयात उभे राहू लागले. तुम्हांला तसा अधिकार नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांना तो अधिकार आहे, हे २००७ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. ज्या घरात शिक्षण आहे, पैसा आहे, सवड आहे, त्या घरातले मूल कायद्याचे फळ आधी खाते. मोलमजुरी करणाऱ्याच्या मुलापर्यंत ते उशिरा पोहोचते, आणि कधी पोहोचतही नाही. हे ओळखून तेथे प्रत्येक राज्यात पालकांना कायदा समजावून देणारी, अर्ज कसा करावा हे शिकवणारी केंद्रे सरकारी मदतीने चालवली जातात. हक्क देणाऱ्याने हक्क मागावयास शिकवण्याचीही सोय करावी, हा त्यातला शहाणपणा होय.

आता आपल्या देशाकडे वळावे. सर्वांना सक्तीचे शिक्षण ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी ती १९०६ साली राज्यभर अमलात आणली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली तिचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात मांडले. पण अपंग मूल त्या ‘सर्वां’त हक्काने यावयास बराच काळ जावा लागला. १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने, अपंगांचे शिक्षण केवळ भूतदयेवर सोपवू नये, ते शिक्षणव्यवस्थेचे अविभाज्य अंग असावे, असे सांगितले. १९९५ साली अपंग व्यक्तींचा पहिला व्यापक कायदा झाला. २००२ साली सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा घटनेतील मूलभूत हक्क झाला. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्यात ज्या वंचित गटांचा नावाने उल्लेख होता त्यांत अपंग मुले नव्हती; ती उणीव २०१२ सालच्या दुरुस्तीने भरून काढली. आणि १९ एप्रिल २०१७ पासून २०१६ सालचा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम लागू झाला.

या अधिनियमातील शिक्षणाची कलमे प्रत्येक पालकाने एकदा तरी वाचावीत अशी आहेत. सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या शाळेने अपंग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा. इमारत व आवार त्याला वापरता येईल असे करावे. त्याच्या गरजेनुसार वाजवी सोयी कराव्यात. वाचन-लेखनातील विशिष्ट अक्षमता लवकरात लवकर ओळखावी. प्रत्येक अपंग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवावे, असे कलम १६ सांगते. परीक्षेत लेखनिक व जादा वेळ, अठराव्या वर्षापर्यंत विनामूल्य पुस्तके व साधने, प्रशिक्षित शिक्षक, या गोष्टी कलम १७ मध्ये आहेत. अपंगत्व ४० टक्के वा अधिक असल्याचे प्रमाणित झालेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत, किंवा हवे तर विशेष शाळेत, विनामूल्य शिकण्याचा हक्क कलम ३१ देते. तक्रार ऐकण्यासाठी प्रत्येक राज्यात दिव्यांगांसाठी आयुक्त नेमण्याची तरतूद आहे. अमेरिकेतल्यासारखी आराखड्याची आणि सुनावणीची तपशीलवार यंत्रणा आपल्या कायद्यात नाही. पण प्रगतीवर लक्ष ठेवण्याचे कर्तव्य शाळेवर आहे, आणि लेखी आराखडा मागावयास तेवढा आधार पुरेसा आहे.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांच्या बाबतीत एक प्रश्न अधिकच बिकट होतो, तो भाषेचा. बेळगावात घरी मराठी, कचेरीत व रस्त्यावर कन्नड आणि पुस्तकात इंग्रजी. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदी, बडोद्यास गुजराती, हैदराबादेस तेलुगू व उर्दू, गोव्यात कोकणी. धडधाकट मूल या सगळ्या भाषा खेळता खेळता उचलते आणि श्रीमंत होते. पण जे मूल ओठांवरून शब्द ओळखते, किंवा ज्याची अक्षरे डोळ्यांसमोर उलटीसुलटी होतात, त्याच्यावर दुसरी आणि तिसरी लिपी म्हणजे ओझ्यावर ओझे. अशा मुलाला दुसऱ्या व तिसऱ्या भाषेच्या अभ्यासक्रमातून सूट देण्याची तरतूद कलम १७ मध्ये आहे, हे पुष्कळ पालकांना आणि काही शिक्षकांनाही ठाऊक नसते. अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, हा घटनेचा अनुच्छेद ३५०-क तर १९५६ पासून आहे.

चाचणीच्या भाषेचा मुद्दाही येथे तितकाच लागू पडतो. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी भारतीय मुलांसाठी बसवली आणि १९३४ साली त्याविषयी निबंध प्रसिद्ध केला. ती त्यांनी कन्नड आणि मराठी अशा दोन भाषांतील मुलांसाठी बसवली होती. एकाच भागातील मुले असली तरी प्रत्येकाला त्याच्या भाषेतच प्रश्न विचारावयास हवा, ही जाणीव त्या खटपटीत दिसते. आज एखाद्या मराठी मुलाला परभाषेतील चाचणीवरून ‘मंद’ असा शिक्का मारला जात असेल, तर ‘ही चाचणी त्याच्या भाषेत पुन्हा घ्या’ असे म्हणणे हा उद्धटपणा नव्हे. तो मुलाच्या बाजूने विचारलेला पहिला प्रश्न असला पाहिजे.

ही वकिली करावयाची कशी? तिचे मर्म साधे आहे. तोंडी बोललेले विरून जाते, म्हणून मागणी लेखी करावी, तारीख घालावी, एक प्रत ठेवून तिच्यावर पोच घ्यावी. मागणी मोघम नसावी. ‘मुलाकडे लक्ष द्या’ या वाक्याला कोणीही ‘हो’ म्हणेल आणि काहीही बदलणार नाही. ‘त्याला पहिल्या बाकावर बसवा’, ‘पुस्तक मोठ्या अक्षरात द्या’, ‘सहामाही परीक्षेत लेखनिक द्या’, असे मागितले तर दिले की नाही, हे दोन्ही पक्षांना दिसते. मूल आज काय करू शकते हे लिहून ठेवावे आणि तीन महिन्यांनी पुन्हा लिहावे. दहापर्यंत मोजणारे मूल वर्षानंतरही दहापर्यंतच मोजत असेल, तर ती वही कोणत्याही भाषणापेक्षा अधिक बोलते. शाळेने दाद दिली नाही तर शिक्षणाधिकारी आणि त्यांच्यानंतर आयुक्त, अशी पायरी पायरीने वर जावे. आणि एकट्याने जाऊ नये. त्याच गावात त्याच अडचणीत असलेली दुसरी चार घरे असतातच. पेन्सिल्व्हानियाच्या पालकांचे बळ त्यांच्या दुःखापेक्षा त्यांच्या एकत्र येण्यात अधिक होते.

या वकिलीत शिक्षकाला प्रतिवादी समजणे ही मोठी चूक ठरेल. चाळीस मुलांच्या वर्गात एका मुलासाठी वेगळे काही करावयाचे तर शिक्षकालाही मदत हवी, आणि ती बहुधा त्याला मिळत नाही. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून दिले: प्राथमिक शाळेत दहा अपंग मुलांमागे एक आणि त्यापुढील वर्गांत पंधरा मुलांमागे एक. हा प्रश्न न्यायालयापुढे नेला तो विशेष शिक्षकांनीच. म्हणजे शिक्षकाची मागणी आणि मुलाची मागणी या एकाच अर्जाच्या दोन ओळी आहेत. आपल्या शाळेत हा शिक्षक आहे काय, हे पालकांनी विचारले तर मुख्याध्यापकांच्या वरिष्ठांकडील मागणीलाही वजन येते.

मागण्याचा अनेकांना संकोच वाटतो. शाळेने मुलाला घेतले हेच उपकार, आता आणखी काय मागावयाचे, ही भावना आपल्याकडे खोल रुजलेली आहे. घरात अपंग मूल आहे याची लाजही कोठे कोठे अजून सुटलेली नाही. त्या संकोचाची किंमत मात्र आईबाप देत नाहीत, मूल देते. आणि ती त्याच्या आयुष्यातील वर्षांनी द्यावी लागते. कायद्याचे पुस्तक कपाटात कितीही वर्षे नीट राहते. मुलाचे आठवे वर्ष मात्र एकदाच येते.

शेवटच्या बाकावरील त्या मुलासाठी आरंभी लागणारी सोय फार खर्चाची नाही. त्याला पुढच्या बाकावर आणावे आणि शिक्षकांनी बोलताना वर्गाकडे तोंड करावे, एवढी विनंती करणारा चार ओळींचा अर्ज पुरेसा आहे. त्याने सगळे प्रश्न सुटणार नाहीत. कानांची तपासणी, श्रवणयंत्र, विशेष शिक्षक हे सगळे त्यानंतर यावयाचे आहे. पण त्या दिवसापासून गुरुजींचे ओठ त्याला दिसू लागतील, आणि त्याचा तास निम्म्यावर संपणार नाही. तो अर्ज कोणी तरी लिहावयास हवा. मुलाला तो लिहिता येणार नाही.